प्रवास-प्रश्नोत्तरे : नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये रेल्वेने एका दिवसाची सहल

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच बेताभोवती फिरतात : मुक्काम एका शहरात ठेवायचा, सकाळी रेल्वेने दुसरे शहर गाठायचे आणि रात्री परतायचे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी आठ दिवसांसाठी आम्सटरडॅमला येणार आहोत. हॉटेल तेथेच ठेवून द हेग, उट्रेख्ट, अँटवर्प, ब्रसेल्स, गेंट आणि ब्रुज ही शहरे रोज एक याप्रमाणे पाहून परतावे, असा विचार आहे. नकाशावर सगळेच जवळ दिसते. हे जमेल का?

उत्तर : यादीचा पूर्वार्ध सहज जमेल, उत्तरार्ध ओढूनताणून जमवावा लागेल. आम्सटरडॅमहून उट्रेख्ट अर्ध्या तासावर आहे, हार्लेम पाव तासावर, आणि द हेगला जायला तासाभरापेक्षा कमी वेळ लागतो. या मार्गांवर तासाला अनेक गाड्या असल्यामुळे वेळापत्रक पाहूनच घराबाहेर पडावे, असेही नाही. अँटवर्पही एका दिवसात नीट पाहून होते. ब्रुजची गोष्ट मात्र वेगळी आहे. आम्सटरडॅमहून तेथे पोचायला, वाटेतील गाडीबदल धरून, एका बाजूचे साधारण तीन तास लागतात. त्यापुढे स्थानकापासून मार्क्ट या मुख्य चौकापर्यंत वीसेक मिनिटांची चाल आहे. सकाळी आठला निघालेला माणूस साडेअकराच्या सुमारास चौकात पोचतो, म्हणजे ज्या वेळी दिवसभराच्या सहलींच्या बसगाड्यांनी गाव भरलेले असते, नेमक्या त्याच वेळी. ब्रुजच्या कालव्याकाठी फिरावे ते सकाळी लवकर किंवा सायंकाळी गर्दी ओसरल्यावर, आणि आम्सटरडॅमला मुक्काम असेल तर या दोन्ही वेळा आपल्या हाताबाहेर जातात.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की आठ दिवसांचे दोन भाग करावेत. पहिल्या चार रात्री नेदरलँड्समध्ये आणि पुढच्या चार बेल्जियममध्ये काढल्या, की सामान घेऊन सीमा एकदाच ओलांडावी लागते. बेल्जियममधील मुक्कामासाठी मी गेंट सुचवेन. तेथून ब्रुज अर्ध्या तासाच्या आत, ब्रसेल्स अर्ध्या तासाहून थोडे अधिक आणि अँटवर्प तासाभराच्या अंतरावर आहे. शिवाय गेंट स्वतःच दोन दिवस देण्याजोगे शहर आहे. १४३२ मध्ये पूर्ण झालेले व्हॅन आइक बंधूंचे वेदीचित्र तेथील सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्येच आहे, आणि नदीकाठची जुनी घरे रात्रीच्या प्रकाशात पाहायला मिळतात ती तेथे मुक्काम केला तरच. एक लक्षात ठेवावे, की गेंट-सिंट-पीटर्स हे मुख्य स्थानक जुन्या गावापासून दोन-अडीच किलोमीटर दूर आहे. तेथून ट्राम घ्यावी.

नेदरलँड्समध्येही मुक्काम आम्सटरडॅमलाच हवा, असे नाही. रॉटरडॅमहून डेल्फ्ट पाव तासावर, द हेग अर्ध्या तासाच्या आत आणि जलद गाडीने आम्सटरडॅम चाळीसेक मिनिटांवर आहे. डेल्फ्ट आणि द हेग ही जोडी एका दिवसात अतिशय छान जुळते. चित्रकार फेर्मेरचा जन्म आणि मृत्यू डेल्फ्टचा, परंतु त्याचे एकही मूळ चित्र आज त्या गावात नाही. त्याने रंगवलेले डेल्फ्टचे दृश्य आणि मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली ती मुलगी ही दोन्ही चित्रे द हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहेत. सकाळी गाव पाहावे, दुपारी चित्रे पाहावीत.

प्रश्न : अँटवर्पला जाण्यासाठी युरोस्टार, युरोसिटी डायरेक्ट आणि युरोसिटी अशी तीन नावे दिसतात. यांत फरक काय? आणि नेदरलँड्समध्ये आम्ही बँकेचे कार्ड यंत्राला टेकवून प्रवास करतो, तसा तो सीमेपलीकडेही चालतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण चुकले तर खर्च त्यातच होतो. कार्ड टेकवून चढण्याची सोय नेदरलँड्समधील प्रवासापुरती आहे. रॉटरडॅमला कार्ड टेकवून अँटवर्पच्या गाडीत बसल्यास सीमेपलीकडच्या प्रवासाचे तिकीट आपल्याजवळ नसते, आणि उतरताना कार्ड टेकवायला बेल्जियमच्या स्थानकात ते यंत्रही नसते. सीमा ओलांडणाऱ्या प्रवासाचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय तिकीट आधीच घ्यावे. त्यावरील चौकोनी बारकोड दाखवला की नेदरलँड्समधील स्थानकांची फाटके उघडतात, म्हणून त्या दिवशी कार्डाला हातच लावू नये. बेल्जियममधील स्थानकांवर बहुधा फाटके नसतात, परंतु तपासनीस गाडीत येतो आणि गाडीत काढलेले तिकीट महाग पडते. नेदरलँड्सच्या अंतर्गत प्रवासात उतरल्यावर पुन्हा कार्ड टेकवायला विसरू नये; विसरल्यास गाडीच्या भाड्याऐवजी २० युरो कापले जातात.

आता गाड्यांविषयी. युरोस्टार आम्सटरडॅम सेंट्रालहून सुटते, तिला आसनाचे आरक्षण सक्तीचे आहे आणि तिकीट जितके उशिरा घ्याल तितके सहसा महाग मिळते. डिसेंबर २०२४ च्या वेळापत्रकापासून युरोसिटी डायरेक्ट ही गाडी आम्सटरडॅम झाउदहून सुटून स्किफोल विमानतळ, रॉटरडॅम आणि अँटवर्प येथे थांबत ब्रसेल्सला जाते. तिला आरक्षण लागत नाही आणि झाउदहून अँटवर्पला ती सव्वा तासाच्या आसपास पोचवते. नुसती युरोसिटी रॉटरडॅमहून निघते आणि ब्रेडा, नोर्डरकेम्पन, अँटवर्प, मेखलन, ब्रसेल्सचा विमानतळ असे थांबे घेत ब्रसेल्सला जाते. दिवसाच्या सहलीला मी युरोसिटी डायरेक्टच निवडेन, कारण एखाद्या शहरात मन रमले आणि परतीची ठरवलेली गाडी सोडावीशी वाटली, तर तासाभराने पुढची असते. युरोस्टारच्या तिकिटात हे स्वातंत्र्य नाही. मात्र युरोसिटी डायरेक्ट आम्सटरडॅम सेंट्रालला येत नाही. सेंट्रालजवळ उतरलेल्या प्रवाशाने मेट्रोने झाउदला पोचण्याचा वेळ हिशेबात धरावा.

अँटवर्पला उतरल्यावर लगेच बाहेर पडण्याची घाई करू नये. हे स्थानक १९०५ मध्ये बांधून झाले, आणि २००७ मध्ये त्याखालून बोगदा खुला होईपर्यंत येथे येणाऱ्या गाडीला उलट दिशेने बाहेर पडावे लागे. आज रूळ तीन पातळ्यांवर आहेत. वर १ ते ६ क्रमांकांचे फलाट, खाली ११ ते १४, आणि त्याहूनही खाली, बोगद्यातून आरपार जाणाऱ्या गाड्यांसाठी २१ ते २४. आपली गाडी बहुधा सर्वांत खाली थांबेल. सरकत्या जिन्यांनी वर येताना मध्ये उघडी जागा लागते आणि एकाच वेळी तिन्ही पातळ्यांवरच्या गाड्या नजरेस पडतात. मग लोखंड-काचेचे उंच छत येते आणि शेवटी दगडी घुमटाचा दालनभाग. परतताना हेच अंतर उलटे उतरायचे असते, म्हणून स्थानकाच्या दाराशी गाडीच्या वेळेआधी किमान पंधरा मिनिटे पोचावे. फलाटाचा क्रमांक २ ऐवजी २२ आहे हे घाईत न पाहिल्यामुळे चुकीच्या मजल्यावर उभे राहणारे प्रवासी येथे नेहमी दिसतात.

प्रश्न : आम्ही आइंडहोवनला राहतो. अँटवर्प सरळ रेषेत जवळ असूनही रेल्वेने बराच फेरा पडतो. रविवारच्या सहलीसाठी दुसरे काही सुचवाल का?

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. आइंडहोवनहून अँटवर्पला थेट गाडी नाही. ब्रेडाला उतरून युरोसिटी घ्यावी लागते. ते करूच नये असे नव्हे, पण रविवारी मी आपल्याला दक्षिणेकडे पाठवेन. मास्ट्रिख्ट तासाभरावर आहे आणि तेथून दर तासाला निघणारी आरिव्हा कंपनीची गाडी एइस्डन आणि विझे मार्गे अर्ध्या तासाच्या आसपास बेल्जियमच्या लीजला पोचते. याच गाडीचे दुसरे टोक जर्मनीतील आखन आहे. मास्ट्रिख्टला कार्ड टेकवून नेदरलँड्सचा प्रवास संपवावा आणि लीजचे तिकीट वेगळे काढावे.

रविवार मुद्दाम म्हणतो, कारण त्या सकाळी लीजमध्ये म्यूज नदीच्या काठाने ला बात हा मोठा बाजार भरतो आणि दुपारी उठतो. तेव्हा आधी लीज करावे आणि परतीच्या वाटेवर मास्ट्रिख्टला थांबावे. उलट क्रम धरल्यास बाजार हुकेल. लीज-गिलमँ हे सांतियागो कालात्रावा यांनी रचलेले, २००९ मध्ये खुले झालेले स्थानक स्वतःच पाहण्यासारखे आहे, परंतु ते शहराच्या मध्यापासून दूर आहे. एप्रिल २०२५ पासून धावू लागलेली ट्राम तेथून शहरात नेते. पायांत बळ असेल त्यांनी ब्युरेनच्या टेकडीच्या ३७४ पायऱ्या चढून नदीचे वळण पाहावे. मास्ट्रिख्टमध्ये जुना दगडी पूल ओलांडून गावात शिरावे आणि जुन्या डॉमिनिकन चर्चमध्ये थाटलेले पुस्तकांचे दुकान अवश्य पाहावे.

प्रश्न : ब्रसेल्सला कोणत्या स्थानकावर उतरावे? आणि बेल्जियममधील फलकांवर गावांची नावे वेगवेगळी का दिसतात?

उत्तर : ग्राँ प्लास हा मुख्य चौक पाहायचा असेल तर ब्रसेल्स-सेंट्रल, तेथून तो पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. युरोस्टार आणि युरोसिटी डायरेक्ट मात्र ब्रसेल्स-झाउद, म्हणजेच ब्रसेल्स-मिडी, येथे नेतात. तेथून सेंट्रलला स्थानिक गाड्या सतत असतात. देशाच्या उत्तरेस फलक व घोषणा डच भाषेत आणि दक्षिणेस फ्रेंच भाषेत असतात, फक्त ब्रसेल्समध्ये दोन्ही. लीज शोधणाऱ्याला त्यामुळे उत्तरेतल्या फलकावर लाउक दिसेल, मॉन्सऐवजी बेर्खन आणि तुर्नेऐवजी डोरनिक. प्रवासाच्या आधी आपल्या गावाची दोन्ही नावे टिपून ठेवावीत.

प्रश्न : भारतातून आई-बाबा शेंगेन व्हिसावर आमच्याकडे उट्रेख्टला येत आहेत. व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. बेल्जियमला जाऊन परत आल्यास तो संपेल का? सोबत सहा वर्षांची मुलगीही असेल.

उत्तर : संपणार नाही. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे त्यांच्यामधील सीमा ओलांडणे हा नवा प्रवेश धरला जात नाही. तरीही पासपोर्ट घरी ठेवून जाऊ नये. नेदरलँड्सने डिसेंबर २०२४ पासून बेल्जियम व जर्मनीच्या सीमेवर अधूनमधून तपासणी सुरू केली आहे, आणि आई-बाबांजवळ ओळखीचा दुसरा मान्य कागद नसतो. मोबाइलमधील छायाचित्रावर विसंबू नये.

मुलीसाठी नेदरलँड्समध्ये ४ ते ११ वर्षांच्या मुलांचे दिवसभराचे रेलरनर तिकीट २.५० युरोला मिळते. बेल्जियममध्ये मोठ्यांसोबत असलेल्या बारा वर्षांखालील मुलांना देशांतर्गत तिकीट पडत नाही. सीमा ओलांडणाऱ्या तिकिटात मात्र तिचे वय नोंदवूनच तिकीट काढावे.

आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार आपण पत्रात केला नाही, तो मी करतो. दुमजली डब्यांत आसनापर्यंत पोचायला आतमध्ये जिना असतो, आणि बेल्जियममधील काही जुन्या डब्यांत फलाटावरून चढतानाच उंच पायऱ्या लागतात. दिवसाला दोनपेक्षा जास्त गाडीबदल ठेवू नयेत आणि प्रत्येक बदलाला पाच मिनिटांऐवजी पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. त्यांच्यासाठी मी मेखलन सुचवेन. युरोसिटी तेथे थेट थांबते, गाव सपाट आणि आटोपशीर आहे, गर्दी ब्रुजच्या मानाने फारच कमी. बाबांना रेल्वेची आवड असेल तर हेही सांगावे, की युरोपच्या मुख्य भूमीवरील पहिली प्रवासी वाफेची गाडी ५ मे १८३५ रोजी ब्रसेल्सहून याच गावी आली. सेंट रॉम्बाउट मनोऱ्याच्या ५३८ पायऱ्या आपण आणि मुलीने चढाव्यात. आई-बाबांनी खालच्या चौकात कॉफी घ्यावी.

प्रश्न : आमच्या सहलीच्या आठवड्यात बेल्जियममध्ये रेल्वेचा संप जाहीर झाला आहे. सगळा बेत रद्द करावा का?

उत्तर : सगळा नको. बेल्जियममध्ये संपाच्या दिवशीही किती कर्मचारी कामावर येणार हे आधी नोंदवले जाते आणि त्यानुसार पर्यायी वेळापत्रक २४ तास आधी प्रसिद्ध होते. ते रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये दिसते. त्यात सकाळची गाडी आहे एवढे पाहून निघू नये. परतीच्या दोन गाड्या, ठरवलेली आणि तिच्यानंतरची, दोन्ही धावणार असतील तरच जावे. एरवीही सीमा ओलांडणारी शेवटची गाडी देशांतर्गत शेवटच्या गाडीच्या बरीच आधी सुटते. ती हुकली तर अँटवर्प ते रोझेंडाल ही दर तासाची साधी गाडी पाहावी. ती पाऊण तासाच्या आसपास घेते आणि रोझेंडालहून पुढे नेदरलँड्सच्या अंतर्गत गाड्या मिळतात.

तिकिटाबाबत एक गोष्ट सांभाळावी. सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे एकच तिकीट असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. शिवाय युरोपीय नियमांनुसार तासाभराच्या उशिराला भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांच्या उशिराला निम्मे भाडे मागता येते. तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या तिकिटांवर हा हक्क प्रत्येक तुकड्यापुरताच राहतो. पर्यायी वेळापत्रक विरळ दिसले, तर बेल्जियमचा दिवस आठवड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवावा आणि संपाच्या दिवशी लायडन किंवा हार्लेम करावे. तो संप बेल्जियमच्या रेल्वेचा असल्याने या मार्गांवर त्याची झळ पोचत नाही.