ब्राझीलचा झेंडा : सम्राटाचे रंग, रिओचं आकाश

प्रश्न : हिरवा रंग जंगलाचा आणि पिवळा सोन्याचा, असं मुलाच्या पुस्तकात आहे. बरोबर आहे का?

उत्तर : ब्राझीलच्या शाळांतही तेच शिकवतात, पण हा अर्थ मागाहून चिकटलेला. १८२२ मध्ये ब्राझील पोर्तुगालपासून वेगळा झाला, तेव्हा हिरवा घेतला सम्राट पहिला पेद्रो याच्या ब्रागांसा घराण्याचा आणि पिवळा त्याची पत्नी लिओपोल्दिना हिच्या हाब्सबुर्ग घराण्याचा. आराखडा फ्रेंच चित्रकार देब्रे याचा; हिरव्यावर पत्त्यांतल्या चौकटीसारखी पिवळी चौकट आणि तिच्या मधोमध राजचिन्ह होतं. १५ नोव्हेंबर १८८९ रोजी राजेशाही संपली. प्रजासत्ताकानं आधी अमेरिकेच्या धर्तीवर हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा लावला, तो चार दिवस टिकला. १९ नोव्हेंबरला आजचा झेंडा आला आणि राजचिन्हाच्या जागी निळा गोल बसला. तेव्हाचा सम्राट दुसरा पेद्रो याला देशाबाहेर धाडलं, रंग मात्र घराण्याचेच ठेवले!

प्रश्न : निळ्या गोलावरच्या पांढऱ्या पट्टीवर काय लिहिलंय?

उत्तर : 'ओर्देम ए प्रोग्रेस्सो', म्हणजे सुव्यवस्था आणि प्रगती. फ्रेंच विचारवंत ओग्यूस्त कोंत याच्या सूत्रात या दोहोंच्या आधी प्रेमही होतं. झेंड्यावर ते आलं नाही.

प्रश्न : गोलातले तारे कुठल्याही नकाशाशी जुळत नाहीत. चित्रकारानं मनानं टाकलेत का?

उत्तर : मुळीच नाही. कायद्यानुसार हे रिओ दि जानेरोचं आकाश आहे, १५ नोव्हेंबर १८८९ च्या सकाळी साडेआठचं. (तेव्हा लख्ख ऊन होतं, तारे कोणाला दिसणार?) आराखड्याच्या कामात मानुएल परेरा रेइस हे खगोलशास्त्रज्ञ होते. गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणानं : हे आकाश खगोलाच्या, म्हणजे आकाशाच्या काल्पनिक गोलाच्या, बाहेरून पाहिल्यासारखं काढलंय, त्यामुळे डावं-उजवं उलटं. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यात त्रिशंकू तारकासमूहाचा (सदर्न क्रॉस) पाचवा छोटा तारा खाली उजवीकडे असतो, इथे डावीकडे. नक्कल तपासायची तर आधी हाच तारा बघा.

एकूण २७ तारे : २६ राज्यं आणि राजधानीचा जिल्हा. सुरुवातीला २१ होते, १९६० मध्ये २२, १९६८ मध्ये २३ आणि ११ मे १९९२ च्या कायद्यानं २७. व्याध मातो ग्रोसोचा, अगस्त्य गोइयासचा, वृश्चिकेतली ज्येष्ठा पियाउईची. पट्टीच्या वर एकटीच असलेली चित्रा पारा राज्याची. पुष्कळजण तिलाच राजधानी समजतात. राजधानीचा तारा अगदी तळाशी आहे, दक्षिण ध्रुवाजवळचा, नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणारा. निवड चोख आहे, कारण बाकीचं आकाश त्याच्याभोवतीच फिरताना दिसतं.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी झेंडा काढायचाय. मापं द्याल का?

उत्तर : उंची १४ भाग, लांबी २०. एक भाग २ सेंमी धरा, म्हणजे कागद २८ बाय ४०. पिवळ्या चौकटीची चारही टोकं कडेपासून ३.४ सेंमी आत. मध्यावर ७ सेंमी त्रिज्येचा निळा गोल. पट्टीसाठी कंपासचं टोक खालच्या कडेवर, पण मध्यबिंदूच्या ४ सेंमी डावीकडे रोवा आणि १६ व १७ सेंमी त्रिज्येचे दोन कंस काढा. चुका होतात त्या इथेच : टोक बरोबर मध्यावर रोवलं की कमान दोन्ही बाजूंना सारखी येते, खरी पट्टी उजवीकडे उतरती असते. कागद नेमका तेवढाच असेल तर आधी खाली आणखी कागद जोडून घ्या, कंपासचं टोक टेकवायला जागा राहते. अक्षरं हिरवी, साधारण पावणेसात मिमी उंच. 'प्रोग्रेस्सो'चं पहिलं अक्षर गोलाच्या उभ्या व्यासावर. ताऱ्यांची पाच मापं आहेत, सर्वांत मोठा ६ मिमी, सर्वांत छोटा २. कापडाचा करणार असाल तर दोन्ही बाजू स्वतंत्र काढा. एका बाजूचं उलटं प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला दिसणं कायद्याला चालत नाही. छापील झेंडे इथेच फसतात.

प्रश्न : फाटलेल्या झेंड्याचं काय करतात?

उत्तर : लष्करी ठाण्यात नेऊन देतात. १९ नोव्हेंबरला, म्हणजे ध्वजदिनी, तिथे ते विधिपूर्वक जाळले जातात. एरवी झेंडा सकाळी आठला चढतो. त्या दिवशी दुपारी बाराला.