द्वारका सिग्नलला गाडी थरथरते? माउंटिंगच्या आधी हे बघ

भावा, सिग्नलला थांबल्यावर गाडी थरथरते म्हणून लगेच माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) बदलू नकोस. आधी गाडी गरम कर, एसी बंद ठेव आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघ, पेट्रोलला साधारण ७०० ते ९०० मध्ये काटा स्थिर पाहिजे. काटा नाचतोय तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनला हवा सोडणारा भाग) कार्बन नाहीतर व्हॅक्यूम पाइप लीक. मिसिंग असेल (एखादा सिलिंडर नीट पेट घेत नसेल) तर एरर कोड वाचणारा स्कॅनर लाव, पी०३०१ कोड आला म्हणजे एक नंबर सिलिंडर मिसिंग, मग त्याची कॉइल (प्लगला करंट देणारी) दुसऱ्या सिलिंडरवर टाकून बघ, कोड तिकडे सरकला की कॉइलच गेलीये, नाही सरकला तर प्लग, इंजेक्टर बघ. चेक इंजिन लाइट ब्लिंक करतोय तर मात्र गाडी अजिबात पळवू नको, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनचा धूर साफ करणारा भाग) जातो आणि तो लय महाग पडतो! हे सगळं ओके असून स्टेअरिंग थरथरतंय, मगच माउंटिंगचं रबर फाटलंय का बघ.