विक्री शून्य धरून फ्रॅग टँक परवडतो का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं: बेसमेंटमध्ये 75 गॅलनची रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोरलची टाकी, तीन वर्षं छान चालू आहे. कोरल वाढून एकमेकांना भिडायला लागलेत, म्हणून त्यांचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, वाढवायला वेगळी उथळ टाकी घ्यायची आहे. दुकानात 48×24×12 इंचांची तयार टाकी स्टँडसकट 1,150 डॉलरला आहे. दोन एलइडी दिवे, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), पंप, हीटर धरून बिल 2,600. दुकान 12 महिने बिनव्याजी देतंय. महिन्याला 15 फ्रॅग 20 डॉलरने गेले तर नऊ महिन्यांत पैसे सुटतात. व्हिसा एच-1बी (कंपनीमार्फत मिळालेला नोकरीचा), आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज) मंजूर, पत्नीकडे ईएडी (काम करायचा परवाना). घरखर्च महिना 5,800, अडीअडचणीला बाजूला ठेवलेले 9,000. शेवटी लिहिलंय, "बायको म्हणते, आधी आहेत त्या माशांचं बघा. तुम्हीच सांगा काय ते."

वहिनींशी मी निम्मा सहमत आहे. निम्माच, कारण टाकी घ्यायला माझी ना नाही. हरकत आहे ती त्या नऊ महिन्यांच्या हिशोबाला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं ते झालंय.

मी स्वतः कोरल पाळत नाही. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर माझ्या एका जुन्या क्लायंटच्या बेसमेंटमध्ये तासभर बसून आलो. निळ्या-जांभळ्या उजेडात तीन टाक्या, पंपाची घरघर, प्रत्येक नळीच्या सांध्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा. त्यांनी चिमट्याने एक हिरवा गालिचासारखा तुकडा उचलून दाखवला, ग्रीन स्टार पॉलिप. "हा पुदिन्यासारखा पसरतो," म्हणाले, "आणि पुदिन्याचे पैसे कोण देतं? क्लबात फुकट वाटतो." ज्याला 20-30 डॉलर येतात तो तुकडा खालच्या चकतीला नीट चिकटून, कडेने वाढून, रंग धरून बसायला आठवडे नाही, महिने लागतात. आणि ज्या जातीचं आज नवल आहे ती वर्षभरात प्रत्येकाच्या टाकीत दिसते, मग भाव कोसळतो. ते स्वतः अमेरिकन नागरिक आहेत, स्वॅपमध्ये, म्हणजे कोरलच्या अदलाबदलीच्या मेळाव्यात, टेबल लावतात. वर्षाकाठी मिठाचा आणि विजेचा खर्च निघाला तरी खूश असतात.

तुमची गोष्ट वेगळी आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. एच-1बीवर तुम्हाला काम करायची मुभा आहे ती फक्त ज्या कंपनीने अर्ज भरला तिच्याकडे. शनिवारी टेबल लावून फ्रॅग विकणं हा स्वतःचा धंदा झाला. दुकानात तुकडे देऊन त्या बदल्यात स्टोअर क्रेडिट घेणं म्हणजेही मोबदलाच. 20 डॉलरच्या झोअँथिडसाठी, म्हणजे बटणासारख्या एका कोरलसाठी, ग्रीन कार्डच्या रांगेतली इतक्या वर्षांची जागा पणाला लावू नका. वहिनींच्या ईएडीवर त्यांच्या नावाने व्यवसाय करता येतो, पण मग तो खरोखर त्यांनी करायला हवा. पत्रातलं त्यांचं वाक्य बघता त्या खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालतील असं मला तरी वाटत नाही. तसा विचार असेलच तर आधी इमिग्रेशन वकिलाची फी भरा, मग टाकीची.

म्हणून विक्रीच्या रकान्यात शून्य लिहा आणि मग परवडतं का ते बघा.

9,000 म्हणजे तुमचा जेमतेम दीड महिन्याचा खर्च. नोकरी गेली तर एच-1बीवाल्याला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तुमच्यासारख्याकडे निदान सहा महिन्यांचे, म्हणजे 35,000 च्या आसपास, हवेत. अशा वेळी महिना 217 डॉलरचा नवा हप्ता मी मंजूर करणार नाही. शिवाय दुकानांच्या अशा बऱ्याच बिनव्याजी योजनांत मुदत संपताना थोडीही बाकी राहिली, तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. कागदावरचं बारीक अक्षर वाचलंत का?

आता टाकीकडे येऊ. उथळ टाकीचा खरा फायदा उजेडाचा. पाण्यात जितकं खोल जावं तितका उजेड कमी होतो. 10-12 इंचांत मध्यम ताकदीचा एक दिवा पुरतो, हातही तळापर्यंत सहज पोहोचतो. पण हा उथळपणा विकत घ्यावा लागत नाही. साधी 40 गॅलनची ब्रीडर टाकी 36×18 इंचांची आणि 16 इंच उंच असते. नवी साधारण 100 डॉलरच्या आसपास, सेलमध्ये किंवा जुनी घेतली तर त्याहून कमी. बाजूच्या काचेला 12 इंचांवर भोक पाडून ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी बाहेर नेणारी वाट, बसवला की पाणी तिथेच थांबतं. झाली उथळ टाकी. तळाच्या काचेला मात्र ड्रिल लावू नका. ती बहुतेक वेळा टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) असते, क्षणात चुरा होतो.

आणि जागा किती लागते? दोन-दोन इंचांवर फ्रॅग ठेवले तर 36×18 मध्ये 162 मावतात. तुमच्याकडे आज 23 आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

ही टाकी तुमच्या चालू टाकीच्या संपलाच, म्हणजे तिच्या खालच्या पाण्याच्या टाकीलाच, जोडा. पाणी एकच, म्हणून स्किमर आणि हीटर तेच. 2,600 मधले सहाशे तिथेच वाचतात. क्षारता आणि कॅल्शियम दोन ठिकाणी मोजत बसायला नको. माझा अंदाज असा: टाकी 100, ड्रिल बिट, बल्कहेड (भोकात बसवायचा सांधा) आणि पाइप मिळून 70, एक बरा एलइडी 180, स्टँडचं लाकूड 60, छतातल्या ट्यूबलाइटखाली बसवतात ती चौकोनी पांढरी जाळी 20, हीटरचा वेगळा कंट्रोलर 45, किरकोळ 50. बेरीज 525. मी वरची मर्यादा 600 धरतो, तीही रोख. सव्वाशे वॉटचा दिवा नऊ तास चालला तर महिन्याला साधारण 34 युनिट. 20 सेंटच्या दराने सात डॉलरही नाहीत. तयार टाकी वेगळी चालवलीत तर दोन दिवे, हीटर, पंप मिळून याच्या तिपटी-चौपटीने वीज जाईल.

त्या 45 डॉलरच्या कंट्रोलरवर कात्री लावू नका. माझ्या क्लायंटचा हीटर एका फेब्रुवारीच्या रात्री चालू स्थितीतच अडकला. सकाळी पाणी 94 फॅरनहाइट, पाच वर्षांचे कोरल पांढरे फटक. तो फोटो त्यांनी अजून फोनमध्ये ठेवलाय.

एकच पाणी असण्याचा तोटाही आहे. बाहेरून आणलेला एखादा तुकडा चपटे कृमी किंवा एप्टेशिया नावाचं उपद्रवी समुद्रफूल घेऊन आला तर दोन्ही टाक्या बाधतील. बाहेरचं काही आणणार असाल तर आधी दहा गॅलनच्या वेगळ्या टाकीत महिना-दीड महिना ठेवा. उथळ पाण्याचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे बाष्पीभवनही वाढणार. तुमच्या ऑटो टॉप-ऑफची, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राची, बादली आता लवकर रिकामी होईल. आणि झोअँथिड कापताना हातमोजे नि गॉगल घालाच. काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि इथल्या इमर्जन्सी रूमचं बिल तुम्हाला ठाऊक आहे.

ताजा कलममध्ये पुण्याच्या मेहुण्याबरोबर "तिकडेही शाखा काढू" असं लिहिलंय. ते आजच विसरा. भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळे दगडी कोरल अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पकडलं गेलं तर किमान तीन वर्षं कैद. बॅगेतून एखादा तुकडा नेण्याचाही विचार नको.

पैसे काढायच्या आधी या शनिवारी एक काम करा. रिटर्न पंप, म्हणजे संपमधलं पाणी टाकीत चढवणारा पंप, बंद करा आणि संपमध्ये पाणी कुठवर चढतं ते पट्टीने मोजा. नव्या टाकीतून प्रत्येक इंच पाण्यामागे 2.8 गॅलन आणखी खाली येतील. वीज गेल्यावर तेवढी जागा संपमध्ये उरत नसेल, तर टाकीआधी संप बदलावा लागेल आणि माझा 600 चा आकडा चुकेल. माप कळवा, मग पुढचं बोलू.