बालवाडीतील डाऊन सिंड्रोम असलेले मूल इतर मुलांना मारत असेल तर शिक्षिकेने काय करावे?

आपल्या वर्गातील डाऊन सिंड्रोम (जन्मतःच गुणसूत्रांत असलेला फरक, ज्यामुळे वाढ आणि बोलणे सावकाश होते) असलेला चार वर्षांचा मुलगा शेजारच्या मुलांना मारतो, रागावून किंवा कोपऱ्यात बसवून फरक पडत नाही आणि आता इतर पालक तक्रार करू लागले आहेत, असे आपण लिहिले आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात बालवाडी शिक्षिका आहे आणि अशी मुले माझ्याही वर्गात शिकली आहेत, म्हणून हे उत्तर.

या मुलांना जेवढे समजते तेवढे बोलता येत नाही. 'सरक', 'माझा ठोकळा दे', 'मला खेळायला घ्या' हे सगळे त्याच्या मनात असते, पण शब्द जुळेपर्यंत ठोकळा दुसऱ्याने नेलेला असतो, आणि हात मात्र तत्काळ पोहोचतो. त्यामुळे मारणे कसे थांबवावे यापेक्षा मारून तो काय मागतो आहे, हे आधी शोधावे. आठवडाभर एका वहीत मारण्याच्या आधी काय घडले, कोणाला मारले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, एवढेच टिपून ठेवा. माझ्या वर्गातील एक मुलगी फक्त खिचडीआधी हात धुण्याच्या रांगेत मारत असे, कारण मागची मुले तिच्या अंगावर रेलत असत (खिचडीच्या रांगेत मोठी माणसे तरी कुठे शहाणी असतात!). तिला मदतनीस ताईंच्या शेजारी, सर्वांत पुढे उभे करू लागल्यावर तो प्रकार जवळजवळ बंद झाला. दुसऱ्या एका मुलाला मात्र 'बाई, यानं मारलं!' हा वर्गभर उठणारा गलकाच हवा असे. तो मारून हसत आमच्या तोंडाकडे बघत राही.

म्हणूनच मारल्यावर आधी ज्याला लागले त्याच्याकडे जावे, आणि मारणाऱ्याला चेहऱ्यावर राग न आणता 'मारायचं नाही' एवढेच सांगून लगेच काय करायचे ते हाताने दाखवावे. ऐकलेले लांबलचक वाक्य या मुलांच्या लक्षात राहत नाही, पाहिलेले राहते. सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे, कारण त्यांना प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. हाताला धरून ओढू नये किंवा मानेला हिसका बसू देऊ नये. त्यांचे सांधे सैल असतात आणि काहींच्या मानेचे वरचे मणके अस्थिर असतात.

खरी शिकवण भांडण नसताना द्यायची असते. 'मला दे' यासाठी तळहात पुढे करणे आणि 'नको' यासाठी पंजा उभा धरणे, अशा दोन खुणा चित्रांसह संपूर्ण वर्गाला शिकवा, आणि त्याने खूण करताच समोरच्या मुलाने ती मानावी याची सवय लावा. खुणेपेक्षा फटक्याने काम लवकर होत असेल, तर तो फटकाच मारणार. आमच्याकडे पुष्कळ घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात; घरची भाषा सोडायला सांगू नका, फक्त त्याच खुणा आईलाही दाखवून ठेवा.

मारणे अचानक वाढले असेल तर कान तपासून घ्यावेत. या मुलांच्या मधल्या कानात द्रव साचून ऐकू कमी येणे नेहमीचे आहे. झोपेत श्वास अडखळणे आणि थायरॉइडचा त्रासही त्यांच्यात अधिक आढळतो, आणि रात्री नीट न झोपलेले मूल दिवसभर चिडचिडे राहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, त्यांच्याकडे हा विषय आवर्जून काढावा.

तक्रार करणाऱ्या पालकांना आपण वर्गात काय करत आहोत ते सांगावे, त्या मुलाच्या प्रकृतीची चर्चा मात्र करू नये. 'त्याला काढून टाका' असे कोणी म्हणाल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार केवळ दिव्यांगत्वामुळे प्रवेश नाकारता येत नाही, हे शांतपणे सांगावे. महिनाभरात फरक दिसला नाही, तर शासनाच्या समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकांना वर्गात बोलवावे आणि आपली ती वही त्यांच्या हाती द्यावी.