असेसर येण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं एनक्यूएएसचं, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं, असेसमेंट ठरलं आणि डॉक्टरांनी ते काम तुझ्याकडे सोपवलं, हे वाचून फार बरं वाटलं. रंगकाम सुरू झालंय, फायलींना नवी कव्हरं चढतायत, असं लिहिलंयस. ते होऊ दे, पण तू त्यात अडकू नकोस.

तपासणीच्या यादीतल्या प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण असतात आणि एकूण ७० टक्के तरी लागतात. तपासायला येणारे असेसर ते गुण प्रत्यक्ष पाहून, कर्मचाऱ्यांना विचारून, नोंदी तपासून आणि पेशंटशी बोलून घालतात. आपण मात्र सगळे नोंदींच्याच मागे लागतो.

ते तुला सोडून सफाईच्या मावशींना विचारतील, "रक्त सांडलं तर काय करता?" मावशींकडून टक्केवारी पाठ करून घेऊ नकोस. बाटलीवर ५ टक्के असेल तर एक मग हायपोक्लोराइटला (त्या जंतुनाशकाला) चार मग पाणी, की झालं १ टक्क्याचं द्रावण. हे रोज त्यांच्या हातून करून घे. सलाइनचा सेट लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात, तेही हातानंच शिकव. आणि हातमोजे त्यांच्या मापाचे आहेत का, ते बघ. त्यांना समजत नाही असं नाही. कुणी शेजारी बसवून सांगितलेलंच नसतं.

नोंदींचं एकच सांगते, पण कळकळीनं सांगते. मागची पानं भरायची नाहीत. आयएलआरचं, म्हणजे लसींच्या फ्रिजचं, तापमान सकाळ-संध्याकाळ, रविवार धरून लिहायचं असतं. महिनाभर एकच शाई, एकच अक्षर आणि रोज ४ अंश, असं पान अनुभवी माणूस लगेच ओळखतो. मग खऱ्या नोंदींवरही त्याचा विश्वास राहत नाही. शिवाय २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलेली लस शेवटी कुणाच्या तरी बाळाला टोचली जाते. रिकामी जागा रिकामी राहू दे, गुण गेला तर जाऊ दे. आजपासून खरं लिहा, आणि लाइट गेल्यावर काय केलं तेही लिहा.

सगळ्यात जास्त वेळ लेबर रूमला दे. आधी आपली आपण यादी भरताना नुसती वस्तू आहे म्हणून २ गुण घालू नकोस. बाळाला ऊब देणारा वॉर्मर चालू करून बघ. रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात बाळाला श्वास द्यायची बॅग-मास्क दे आणि बाहुलीवर करून दाखवायला सांग. ऑक्सिजन सिलिंडरची चावी तिला अंधारात सापडेल का? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये आहे का? बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात त्याचे १० युनिट आईला स्नायूत दिले, त्याची वेळ केसपेपरवर आहे का? एकदा टेबलावर स्वतः आडवी हो. दार उघडलं की बाहेरचं कोण कोण दिसतं, ते तेव्हाच कळेल.

आणि कन्नडचं. कर्नाटक सीमेलगतच्या उमदी-संखकडच्या कितीतरी बायका घरी कन्नडच बोलतात. मराठी फलक लावून तिथं भागत नाही. धोक्याची लक्षणं कुणी समजावली का, संमतीचा अंगठा कशासाठी घेतला, हे त्यांनाच विचारलं जाणार. कन्नड येणाऱ्या आशाताईंकडून मजकूर लिहून घे, घरी सोडताना त्यांना शेजारी उभं कर. यादीत हे रुग्णांच्या हक्कांखाली येतं. यादी नसती तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

गुण कमी आले तर डॉक्टर नाराज होतील, अशी तुला भीती आहे. तरी खरे गुणच दाखव. केंद्राचा निधी बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीकडे पडद्यांचे, इन्व्हर्टरचे पैसे मागायला तोच कागद कामाला येतो. प्रमाणपत्र ३ वर्षांचं असलं तरी राज्याकडून मध्ये दरवर्षी पाहणी होते, तेव्हा झाकलेलं तिथंही उघडं पडतं.

आधी लेबर रूमचीच यादी भर आणि फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव. शून्यं आली तरी पाठव, आपण बसून बोलू. रजिस्टरचा फोटो काढशील तेव्हा मात्र बायकांची नावं झाक.

तुझी,
सिस्टर