पुरात किंवा दंगलीत बंदोबस्तावर आलेल्या लष्कराच्या जवानाला अडवलं, तर काय शिक्षा होते?

नुसता अडथळा आणला तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; अंगावर हात टाकला की मामला एकदम वर जातो. जवान सरकारी पगारावर असतो, म्हणून तो कायद्याने लोकसेवकच, आणि त्याच्यासाठी वेगळं कलम शोधावं लागत नाही. कायद्यातली कलमं पाहिली तर चढण अशी आहे:

– कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा धक्काबुक्की (१३२): २ वर्षांपर्यंत
– त्यात इजा झाली (१२१): ५ वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर किमान १, कमाल १० वर्षं
– बेकायदा जमाव पांगवताना किंवा दंगल आवरताना अडथळा वा हल्ला (१९५): ३ वर्षांपर्यंत किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही

२०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत लष्कर उतरलं होतं, तशा पुराच्या मदतकार्यात आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५१ ही लागू शकतं: १ वर्षापर्यंत, आणि त्या अडथळ्यामुळे जीव गेला किंवा धोक्यात आला तर २ वर्षांपर्यंत. खटला नेहमीच्या फौजदारी न्यायालयातच चालतो. नागरिकाचं कोर्ट मार्शल वगैरे होईल ही भीती उगाच.

मात्र घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी दंड संहिता लागते, आणि महाराष्ट्रात तिच्या कलम ३५३ ची (कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा धक्काबुक्की) शिक्षा राज्याच्या दुरुस्तीने ५ वर्षांपर्यंत वाढवलेली होती.