सिव्हिलच्या कामासाठी हलका लॅपटॉप घ्यावा की पॉवरफुल?

हलका घे. डिप्लोमा नुकताच झालाय म्हणतोस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. तू लिहिलंयस की कन्सल्टंटकडे नोकरी लागलीय, निम्मा वेळ साइटवर जाणार, काम ऑटोकॅड, एक्सेल, थोडं स्टाड (इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर), रेविट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं) पुढेमागे शिकायचंय, बजेट ७५ हजार, आणि मित्र सांगतायत की एवढ्या पैशात ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप येतो तर हलक्याच्या नादाला कशाला लागतोस. अगदी हेच वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकतेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

चिपळूणला आमची छोटी कॉन्ट्रॅक्टिंग फर्म आहे. बाबांनी सुरू केली, आता साइट दादा बघतो आणि टेंडर, एस्टिमेट, आरए म्हणजे टप्प्याटप्प्याची बिलं, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तकाची जुळवाजुळव हे सगळं माझ्याकडे. लॅपटॉप घ्यायची वेळ आली तेव्हा दादाने अडीच किलोचा गेमिंगवाला घेतला. त्याचं म्हणणं, मशीन घ्यायचं तर एकदाच दणकट घ्यायचं, उद्या थ्रीडी करायला लागलं तर? मी सव्वा किलोचा घेतला, १६ जीबी रॅम, इंटेलचा यू सिरीजचा म्हणजे कमी वीज खाणारा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दादा त्याला अजून 'वही' म्हणतो. आणि ते उद्याचं थ्रीडी काही आलेलं नाही, आमची कामं म्हणजे संरक्षक भिंती, मोऱ्या, साकव, शाळेच्या खोल्या, गावातले रस्ते. यातल्या एकालाही रेंडर लागत नाही.

आता मुद्द्याचं सांगते. जुलैचा पाऊस, एका संरक्षक भिंतीचं टेंडर, महाटेंडर्सवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन टेंडर साइटवर, संध्याकाळी ५ ला बंद होणार होतं. बी-१ चं, म्हणजे टक्केवारीचं. ईएमडी म्हणजे बयाणा रक्कम भरून झालेली, कागदं स्कॅन झालेली, फक्त सरकारी अंदाजापेक्षा किती टक्के खाली (बिलो) भरायचं ते ठरायचं होतं आणि त्यासाठी खडी-स्टीलचे ताजे भाव घालून रेट अनालिसिस परत एकदा बघायचं होतं. ते दादाच्या लॅपटॉपवर. आणि आदल्या रात्रीपासून लाइट नाही. इन्व्हर्टर पहाटेच बसला. दादाचा लॅपटॉप रात्री अर्धवट चार्ज झालेला, सकाळी त्याने भाव घालायला घेतला आणि बॅटरी बघता बघता लाल झाली, बंद पडायच्या आधी मी कशीबशी ती एक्सेल पेन ड्राइव्हवर ओढून घेतली. त्याचा चार्जर २३० वॉटचा, विटेएवढा, त्याला भिंतीतलाच प्लग पाहिजे. दुपारपर्यंत मोबाइलची रेंजही गेली कारण लाइट नाही म्हटल्यावर टॉवर तरी किती वेळ तग धरणार.

मग दादाने बोलेरो काढली आणि आम्ही परशुरामच्या दिशेला वर गेलो. पाऊस असा की वायपर पुरत नव्हते, घाटात दरडीची भीती, म्हणून उंचावर जिथे रेंज आली तिथेच रस्ता सोडून मोकळ्या जागेत गाडी लावली. माझा लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होतो, गाडीच्या सॉकेटला ६५ वॉटचा कार चार्जर लावला, मोबाइलचा हॉटस्पॉट, मांडीवर लॅपटॉप, शेजारी दादा भाव सांगतोय आणि मी भरतेय. बीओक्यूची म्हणजे कामांच्या यादीची एक्सेल भरली, डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन लावला, दोन्ही लिफाफ्यांतल्या (तांत्रिक आणि दराच्या) फायली एकेक करून सही करत चढवल्या, नेट इतकं हळू की प्रत्येक पीडीएफला जीव खालीवर, पण ५ च्या आत पावती हातात होती. ते काम आम्हालाच लागलं, भिंत उभी आहे, यंदाच्या पावसातही तिला काही झालं नाही. मला त्या दिवसाचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

दादाचं यावर ठरलेलं उत्तर असतं, की गाडीत इन्व्हर्टर ठेवला असता तर माझाही चालला असता. नसता चालला. गाडीच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, १२ व्होल्टवर म्हणजे १२० ते १८० वॉट, त्यात इन्व्हर्टरमध्ये थोडी वाया जाणार. त्याचा लॅपटॉप बॅटरी भरत भरत काम करताना दीडशेच्या वर सहज ओढतो. फ्यूजच गेला असता आणि माझाही चार्जर बंद पडला असता. हा हिशेब मी त्याला कागदावर मांडून दाखवलाय.

तुझे मित्र जी पॉवर म्हणतायत ती प्लगला बांधलेली असते हे कुणी सांगत नाही. प्लग काढला की गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही आवरते घेतात, तेवढी वीज बॅटरी देऊ शकत नाही. बॅटरी दोन्हीकडे ६० वॉट-अवरच्या आसपास धर. हलका एक्सेल-पीडीएफच्या कामाला ६-७ वॉट खातो, म्हणजे साडेआठ ते दहा तास. जड तेच काम करताना २० वॉट खात असेल तर तीन तासांत खेळ खलास. साइटवर प्लग कुठे असतो? मिक्सरशेजारी जनरेटर, तोही काँक्रीट चालू असेल तेव्हाच.

ऑटोकॅडचं म्हणशील तर टूडी ड्रॉइंग मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. एका कोअरच्या वेगात यू सिरीज आणि जास्त वीज खाणाऱ्या एच सिरीजमध्ये फार अंतर नसतं, अंतर पडतं ते सगळे कोअर बराच वेळ राबवायचे असतील तेव्हा. स्टाडमध्ये तू तीन-चार मजल्यांची फ्रेम सोडवणार, ती कशावरही सुटते. आणि ग्राफिक्स कार्डाच्या नुसत्या नावाला भुलू नकोस, आरटीएक्स ४०५० हेच कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवर चालतं आणि दुसऱ्यात ११५ वर, स्टिकर मात्र तोच. स्वस्तातला पॉवरफुल म्हणून जे गळ्यात मारतात त्यात स्क्रीनही बहुतेक वेळा २५० निट्सचा (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) फिकट, उन्हात साइटवर त्यातली एक रेघ दिसणार नाही.

वजनाचं तर लोक हसण्यावारी नेतात. अडीच किलो लॅपटॉप, वर पाऊण किलो चार्जर, त्यात टेप, रजिस्टर, डबा, पाण्याची बाटली, छत्री. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी कसं चढलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना घाईने सामान उचलून वरच्या मजल्यावर नेणं म्हणजे काय ते सांगायला नको. मुलग्यांना वाटतं आपल्याला काय होतंय, आमचा दादा आता पाठीला पट्टा बांधून फिरतो. डॉक्टरांनी लॅपटॉपचं नाव घेतलेलं नाही, पण वहिनी आणि मी आमचं मत बनवलंय.

आता पलीकडची बाजू, नाहीतर एकांगी बोलले म्हणशील. रोज रेविटची मोठी मॉडेलं किंवा लुमियन (थ्रीडी चित्रं-व्हिडिओ बनवायचं सॉफ्टवेअर) करायचं असेल तर माझा सल्ला तुझ्या उपयोगाचा नाही, तिथे कार्ड लागतंच आणि पातळ मशीन तापून हळू पडतं. पण तेव्हाही मी म्हणेन की ते काम ऑफिसातल्या डेस्कटॉपवर कर, कन्सल्टंटकडे तो असतोच, तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो. काही गेमिंग लॅपटॉप हल्ली १०० वॉटच्या टाइप-सी वर चार्ज होतात हेही खरं, दादाचा होत नाही. तो आता नवीन घ्यायचं म्हणतोय, परत सोळा इंचीच बघतोय, आणि टेंडरच्या दिवशी मात्र 'तुझी वही आण' म्हणून फोन करतो.

घेताना एवढं बघ. मॅक नको, तिथे स्टाड नाही आणि टेंडरची मॅक्रोवाली एक्सेल विंडोजवरच नीट चालते. स्नॅपड्रॅगनचाही नको, डीएससीच्या टोकनच्या ड्रायव्हरची कटकट होऊ शकते. चार्जिंग टाइप-सी पाहिजे आणि टोकनसाठी एक तरी जुना चौकोनी यूएसबी पोर्ट पाहिजे, फक्त टाइप-सी असलेला घेतलास तर कनेक्टर नेमका नको त्या दिवशी घरी राहतो. रॅम १६ जीबी पहिल्या दिवसापासून घे, कारण हलक्या लॅपटॉपमध्ये ती बरेचदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, दुकानदार 'नंतर वाढवून देतो' म्हणाला तर त्याला स्लॉट दाखवायला सांग.